आठवड्याचा बाजार, आठवड्याचं जेवण

जालना जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलात, तर भिंतीवरचा एक तक्ता आवर्जून वाचा. सोमवार ते शनिवार, कोणत्या वारी मुलांना दुपारी काय मिळणार, ते त्यावर लिहिलेलं असतं. त्यामागे पक्का हिशेब आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झाली. शाळेतच शिजवलेलं गरम जेवण द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ला दिला. २०२१पासून तिचं नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' झालं, पण गावात तिला अजूनही शाळेची खिचडीच म्हणतात.

ही खिचडी शिजवणारी स्वयंपाकी-मदतनीस गावातलीच एखादी ताई असते. शाळेत आज काय करायचं हे तिला भिंत सांगते. संध्याकाळी ती घरी येते, चूल किंवा गॅस पेटवते आणि तिच्यापुढे प्रश्न उभा राहतो : आता काय करू? घरात भाजी आहे का, डाळ पुरेल का, कडधान्य सकाळीच भिजवायला हवं होतं का, हे सगळं तिने एकटीने आणि आयत्या वेळी ठरवायचं. जो विचार आपण शाळेतल्या मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी करतो, तो त्याच मुलांच्या रात्रीच्या जेवणासाठी करायला हवा. आठवड्याच्या सात रात्रींचा बेत आधी ठरवून, लिहून, सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायला हवा. जालन्यासारख्या जिल्ह्यात तो बेत कुठून सुरू करायचा, याचं उत्तर सोपं आहे : बाजाराच्या वारापासून.

नियोजन आपल्याला नवीन नाही

आठवड्याचा बेत म्हटलं की हे शहरातल्या, नोकरी करणाऱ्या घरांचं काम, असं वाटतं. पण मराठवाड्यातल्या बाईने आठवड्याचाच काय, वर्षाचा बेत पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. उन्हाळ्यात गच्चीवर, अंगणात धुतलेल्या धोतरा-साडीवर वाळवण पडतं. कुरडया, पापड, सांडगे, खारोड्या. पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की डब्यातले सांडगे कामाला येतात. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडायचा, थोडा ताजा खायचा आणि उरलेला वाळवून ठेवायचा, म्हणजे उन्हाळ्यात हरभऱ्याची भाजी होते. काळा मसाला वर्षाचा एकदाच. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी महिना-पंधरा दिवसांची.

येसर तर या नियोजनाचा उत्तम नमुना आहे. धान्य, डाळी आणि मसाले वेगवेगळे भाजायचे, एकत्र दळायचे आणि ते पीठ डब्यात भरून ठेवायचं. लग्नकार्यात शेकडो पानं उठवायची असोत की आडवेळी पाहुणा दारात उभा राहिलेला असो, फोडणी घालून पाणी उकळायचं, येसर कालवून सोडायचं आणि आमटी तयार. आज दुकानात 'तयार मिक्स' म्हणून जे विकलं जातं, त्याचं घरचं रूप आपल्याकडे कधीचंच होतं.

वारांचा बेतही आपल्याकडे ठरलेला असतो. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. चतुर्थी आणि एकादशी कॅलेंडरवर छापलेल्याच असतात. भोगीला बाजरीची भाकरी आणि हिवाळ्यातल्या सगळ्या भाज्यांची मिसळ. जैन घरांत सूर्यास्ताआधी जेवण उरकतं, म्हणून तयारी दुपारीच होते. रमजानात इफ्तार आणि सहेरी, दोन्हींचा विचार महिनाभर आधी सुरू होतो. सणाचं, उपासाचं आणि वर्षाचं नियोजन आपल्याला जमतं. राहून जातो तो साधा मंगळवार, साधा बुधवार. आठवड्यातल्या बहुतेक रात्री तर असल्याच असतात.

थकवा कुठून येतो

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४मध्ये देशभर वेळवापराची पाहणी केली. घरातल्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणारी बाई त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं खर्च करते, असं तीत आढळलं. घरकाम करणाऱ्या पुरुषाचा आकडा ८८ मिनिटं आहे. म्हणजे बाईचे पावणेपाच तासांहून जास्त, पुरुषाचा दीड तासही नाही. आणि या मिनिटांत स्वयंपाकाआधीचा विचार मोजलेला नाही. तो विचार ती भांडी घासताना करते, गाडीत बसल्यावर करते, कापूस वेचतानाही करते.

जालना हा कपाशीचा जिल्हा. दिवाळीच्या आसपास वेचणी जोरात असते. मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे उजेड असेपर्यंत बाई शेतातून निघत नाही. घरी येईतो अंधार पडलेला असतो. अशा वेळी ठरलेलं काही नसेल, तर रोज तेच होतं : बटाटा, भात, किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातलं पाकीट. तिला चांगलं करता येत नाही असं नाही. ठरवायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते दिवसाच्या शेवटी उरलेलं नसतं. म्हणून ठरवायचं काम अंगात त्राण असेल त्या दिवशी, एकदाच उरकून घ्यावं.

पिशवीतलं आधी काय संपवायचं

आठवडी बाजार ही आपल्या गावांची मोठी सोय आहे. तालुक्याच्या ठिकाणी आणि मोठ्या गावांत बाजाराचा वार ठरलेला असतो. आसपासची गावं त्या दिवशी तिथे येतात आणि ताजी भाजी इतर दिवसांपेक्षा स्वस्त आणि भरपूर मिळते. म्हणून आपला आठवडा कॅलेंडरच्या सोमवारी सुरू करू नका, बाजाराच्या वारी सुरू करा. बाजार ते बाजार, असे सात दिवस.

नियम एकच लक्षात ठेवायचा : जे आधी खराब होतं, ते आधी शिजवायचं. पहिले दोन दिवस पालेभाजीचे : मेथी, पालक, चुका, शेपू, कोथिंबीर. मधले दोन-तीन दिवस फळभाजीचे : वांगी, भेंडी, गवार, दोडका, फ्लॉवर. शेवटचे दिवस कडधान्याचे, डाळीचे, बेसनाचे आणि वाळवणाचे. गाजर, भोपळा, कांदा आणि बटाटा यांना घाई नसते. ते कुठेही बसतात. पालेभाजी त्याच रात्री निवडून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवली तर दोन दिवस चांगली राहते. धुऊन ठेवली तर सडते.

किती आणायचं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसासाठी तिने सुचवलेलं ताट साधारण असं आहे : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. यातला निम्मा वाटा रात्रीचा धरला आणि घरात चार मोठी माणसं धरली, तर सात रात्रींना साडेतीन किलो पीठ-तांदूळ, सव्वा किलोच्या आत डाळ-कडधान्य आणि साडेपाच किलोच्या वर भाजी लागते. शेतात राबणाऱ्यांना भाकरी जास्त लागेल, तेवढं पीठ वाढवा. हा हिशेब पहिल्यांदा मांडला की बहुतेक घरांना आपली उणीव लगेच दिसते. पीठ-तांदूळ बेताने असतात, कधी जास्तच; भाजी मात्र निम्मीही नसते.

हिवाळ्यातला एक आठवडा

आता उदाहरणासाठी अंबड तालुक्यातलं एक घर घेऊ. आजी, नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं. बाजार रविवारचा धरू.

रविवार. बाजार करून यायला संध्याकाळ होते. खाणाऱ्यांच्या घरात रस्सा आणि बाजरीची भाकरी; न खाणाऱ्यांच्या घरात चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात. जेवणं झाल्यावर सगळ्यांनी बसून मेथी निवडायची. त्याच रात्री एक मोठी वाटी मटकी पाण्यात भिजत घालायची. हे एक काम पुढच्या बुधवारची भाजी ठरवून टाकतं.

सोमवार. मुगाची डाळ घातलेली मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. कुणाचा उपास सोडायचा असेल तर वरणभात. सकाळी मटकी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. थंडीत मोड उशिरा येतात, म्हणून ती पुरचुंडी पिठाच्या डब्याजवळ, उबेला ठेवायची आणि दिवसातून एकदा पाण्याचा हात लावायचा.

मंगळवार. पालक-चुक्याची पातळ भाजी, भाकरी, भात. पालेभाजी संपली.

बुधवार. मटकीला आता बोटाच्या पेराएवढे मोड आलेले असतात. उसळ, पोळी, कांदा, लिंबाची फोड. सकाळीच कांदा-खोबऱ्याचं वाटण तयार असेल तर उसळ पाऊण तासात होते.

गुरुवार. भरली वांगी, वरणभात, गाजराची कोशिंबीर. आज तुरीची डाळ दुप्पट शिजवायची. निम्मी फोडणी न घालता गार करून फ्रिजमध्ये. ज्या घरात फ्रिज नाही, त्यांनी हा भाग सोडून द्यावा आणि डाळ शुक्रवारी ताजी शिजवावी.

शुक्रवार. वरणफळं. कालच्या डाळीला लसूण-जिऱ्याची फोडणी, चिंच-गूळ, त्यात कणकेचे काप. एकच भांडं, एकच वाढप. आठवड्याचा सगळ्यात थकलेला दिवस म्हणून सगळ्यात कमी भांड्यांचं जेवण.

शनिवार. पिशवी रिकामी झाली, तरी ताट भरलेलं राहतं : बेसन, ठेचा, भाकरी, कांदा. नाहीतर येसराची आमटी आणि तळलेली कुरडई.

या आठवड्यात भाकरी आदल्या दिवशी करून ठेवलेली कुठेच नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे तिच्या पिठाला कणकेसारखा चिवटपणा येत नाही. मळून ठेवलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते. म्हणून भाकरी आयत्या वेळीच करायची, आणि बाकी सगळं आधी उरकलेलं असलं की ती निवांतपणे करता येते. आठवड्याच्या बेताचा खरा फायदा हाच : संध्याकाळी हाताला फक्त भाकरी उरावी.

डाळ आपल्या घरची

या सात रात्रींतल्या बहुतेक रात्री कडधान्य किंवा डाळ आहेच. रविवारच्या भरिताबरोबरही वाटीभर वरण जमतं. जालना जिल्ह्यात बदनापूरला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र आहे. तुरीचा 'बीडीएन ७११' आणि मुगाचा 'बीएम २००३-२' हे वाण तिथले. पांढऱ्या दाण्याची, लवकर हाती येणारी बदनापूरची तूर मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी उचलून धरली. डाळीचं बियाणं घडवणाऱ्या जिल्ह्यात मुलांच्या ताटात डाळ पातळ पाण्यासारखी असू नये.

डाळ का हवी, याचं कारण भाकरीतच आहे. ज्वारीत शंभर ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम प्रथिनं असतात, पण त्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात आणि लायसिन भरपूर असतं. तिच्यात जे कमी असतं ते धान्यातून मिळतं. भाकरी आणि वरण एकत्र खाल्लं की एकमेकांची उणीव भरून निघते. हे जुन्या माणसांनी प्रयोगशाळेविना जमवलेलं गणित आहे.

दुसरा प्रश्न रक्ताचा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. लोह फक्त गोळीतून यावं असं नाही. बाजरीत शंभर ग्रॅममागे सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असतं. पॉलिश केलेल्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसतं. कडधान्याला मोड आणले की त्यातलं लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल कमी होतं आणि क जीवनसत्त्व तयार होतं. लोखंडी कढईत भाजी केली की थोडं लोह कढईतूनही उतरतं. आणि भाजीपाल्यातलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची सोबत लागते. त्यासाठी उसळीवर लिंबू पिळायचं, किंवा जेवणाबरोबर एक मोसंबी सोलायची. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ती ट्रक भरून परराज्यांत जाते, पण बागाईतदाराच्या घरातल्या पोरीच्या ताटातही आठवड्यातून तीन-चार वेळा यायला हवी. जेवणानंतर लगेच चहा मात्र नको. तो लोहाला अडवतो. तासभर थांबा.

पाणी, ऊन आणि शिळं

इथला बेत पाण्याला विचारल्याशिवाय होत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. जालना शहराला निजामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव आणि पैठणहून येणारी जलवाहिनी असूनही रोज नळ आलेला लोकांच्या सवयीचा नाही. म्हणून तक्त्यात पाण्याचा वारही लिहावा. पालेभाजी धुणं, कडधान्य भिजवणं, मोठी भांडी काढावी लागणारा स्वयंपाक नळाच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी. पाणी संपत आलं की वरणफळं, खिचडी, बेसन अशी एका भांड्यातली जेवणं. भाजी धुतलेलं पाणी झाडांना.

हिवाळ्याचा तक्ता मे महिन्यात चालत नाही. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सकाळचं वरण संध्याकाळी आंबतं. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम असा आहे की शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त राहू नये. भाताची विशेष काळजी घ्यावी. भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहू शकतात. भात उबेत पडून राहिला की ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवा, आणि फ्रिज नसेल तर मोजूनच शिजवा. शिळी पोळी कोरडी असते, तिची फोडणीची पोळी चांगली होते. उन्हाळ्यात बेतही हलका ठेवा : कढी, कांदा-कैरी, सांडग्यांची भाजी, ताक आणि भाकरी. पावसाळ्यात करटुली, तांदुळजा, घोळ, अंबाडी अशा भाज्या बांधावर आणि बाजारात येतात; त्यांच्यासाठी आठवड्यातला एक वार रिकामा ठेवा.

तक्ता कुणी लिहायचा

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हा बेत बाईच्या डोक्यात राहिला, तर तिचं काम कमी होत नाही. एका जागी गोळा होतं, एवढंच. तो कागदावर यायला हवा. शाळेच्या वहीचं एक पान पुरे. सात ओळी, प्रत्येक ओळीत तीन रकाने : रात्री काय, आदल्या दिवशी काय करून ठेवायचं, कोण करणार. तिसरा रकाना रिकामा ठेवू नका. मटकी भिजवणं नवऱ्याच्या नावावर जाऊ शकतं. मेथी निवडणं आजीच्या आणि मुलांच्या. बाजाराची यादी तक्त्यावरूनच निघते, त्यामुळे बाजाराला कोणीही गेलं तरी पिशवीत हवं तेच येतं. ज्या घरात शाळेत जाणारं मूल आहे, तिथे ते पान त्या मुलालाच लिहू द्या. त्याने शाळेच्या भिंतीवरचा तक्ता रोज पाहिलेला आहे.

पहिल्या आठवड्यात दोन दिवस बेत मोडेल. पाहुणे येतील, लाईट जाईल, वांगी किडकी निघतील. मोडू द्या. त्या रात्रीसाठी बेसनाचं पीठ आणि येसराचा डबा आहेच. आठवडा संपला की कागदावर बघा : काय उरलं, काय पोरांनी खाल्लं नाही, कोणत्या वारी हाल झाले. तेवढं बदलून पुढचा लिहा. चार आठवड्यांचे चार कागद जमले की महिन्याचा बेत हातात येतो, आणि मग तो आलटून पालटून ऋतूप्रमाणे चालतो.

येत्या बाजाराच्या आदल्या रात्री, जेवणं आटोपल्यावर, घरातल्या सगळ्यांना पंधरा मिनिटं एकत्र बसवा. वहीचं एक पान फाडा. सात वार लिहा. ज्या माऊलीने इतकी वर्षं रोज संध्याकाळी एकटीने ठरवलं, तिला त्या रात्री फक्त एवढंच विचारा : तुला काय खावंसं वाटतं? तिचं उत्तर पहिल्या ओळीत लिहा.